ओहोळेश्वराच्या रानातली वाट

"...आणि उद्या हेच लोक म्हणाले, की वाट आमच्या हक्काची, तर काय करायचं महाराज?"

भास्करनं हा प्रश्न त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारला. आत्मगिरी महाराज मठाच्या ओट्यावर बसून पत्रावळी लावत होते. त्यांनी पळसाचं एक पान उजेडाकडे धरलं, किडकं निघालं म्हणून बाजूला टाकलं.

"मी काहीतरी विचारतोय."

"ऐकतोय."

"मग बोला ना!"

"म्हाराज, जाऊ का?" खालून, रानाच्या कडेनं, एका बाईची हाक आली.

"जा," महाराज म्हणाले.

भास्करनं कपाळावर हात मारून घेतला.

त्याची चिडचिड अगदीच अकारण नव्हती. मठाखाली ओहोळेश्वर महादेवाचं चार एकर रान, आणि रानाच्या पलीकडे ठाकरांची वस्ती. वस्तीची जुनी वाट धरणाच्या पाण्यात गेली, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून सगळी वस्ती देवाच्या रानातून डांबरी सडकेला लागते. शाळा, बाजार, दवाखाना, सगळं सडकेपलीकडे. दुसरा रस्ता डोंगराला वळसा घालून, दीड तासाचा. म्हणून दिवसभर माणसं येत, ओट्याखाली थबकत, वर बघून "जाऊ का" विचारत आणि महाराजांनी "जा" म्हटलं की पुढे जात. दिवसातून पन्नास वेळा. ध्यानात असताना, जेवताना, एकदा तर महाराज दात घासत होते तेव्हासुद्धा.

भास्कर खांडबहाले चार वर्षांपूर्वी मठात आला. त्याआधी अठरा वर्षं त्यानं जिल्ह्याच्या कोर्टात जमिनीचे दावे चालवले होते. बांधासाठी भाऊ भावाच्या जिवावर कसा उठतो, हे त्यानं इतकं पाहिलं की एक दिवस काळा कोट खुंटीला टांगून तो इकडे निघून आला. कोट सुटला, वकिली सुटली नाही. वस्तीत त्याला वकीलबुवाच म्हणत. दत्तजयंतीला महाराज त्याच्या खांद्यावर चादर घालणार होते, म्हणजे महाराजांच्या मागे मठ त्याच्याकडे येणार होता. हे तोंडी ठरलं होतं, आणि तोंडी ठरलेल्या गोष्टींवर भास्करचा विश्वास नसल्यामुळे तो जरा अस्वस्थच असे.

चादर मिळायच्या आधीच त्यानं कारभार हातात घेतला होता. रानाच्या कडेनं सिमेंटचे अकरा खांब उभे केले. त्यांतले दोन बरोबर वाटेच्या तोंडाशी. तारेचं भेंडोळं अजून उलगडायचं होतं. ते बघून वस्तीनं तहसीलदारांकडे अर्ज केला, की आमची वाट अडवताहेत. उद्या नायब तहसीलदार स्वतः जागेवर येऊन सुनावणी घेणार होत्या.

"महाराज, नीट ऐका," भास्कर खाली बसला. "जमीन म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात हक्क असतात, आणि ते सगळे एकाच माणसाकडे असतील असं नाही. मालकी एकाची, कब्जा दुसऱ्याचा, वापर तिसऱ्याचा."

"ही कोणाची?" महाराजांनी हातातली पत्रावळ वर केली.

"तुमची."

"पळस देवाच्या रानातला."

"मग देवाची. तुम्ही नुसती लावलीत."

"दुपारी हिच्यावर तू जेवशील."

"तो माझा उपभोग. जेवणापुरता. मालकी येत नाही त्यानं." भास्करला आता रंग चढला. कायदा शिकवायला मिळाला की तो स्वतःची चिडचिडही विसरे. "तुमचंही तसंच आहे महाराज, राग मानू नका. सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव आहे श्री ओहोळेश्वर देवाचं. तुमचं नाव खाली, वहिवाटदार म्हणून. तुमचा हक्क हयातीपुरता. तुम्ही जमीन सांभाळायची, देवाची पूजा चालवायची. विकायची नाही, गहाण टाकायची नाही, कोणाला द्यायची नाही."

"थोडीसुद्धा?"

"ढेकूळभरसुद्धा नाही."

"बरं."

"बरं काय? इथंच तर घोळ आहे! तुम्ही रोज पन्नासदा देताय!"

"मी कुठं काय देतो? मी 'जा' म्हणतो."

"तेच ते!" भास्कर उठून उभा राहिला. "मी तीन महिन्यांपूर्वी तुम्हाला बजावलं होतं, की असं 'जा' म्हणायचा तुम्हाला अधिकारच नाही. ऐकलंत? शेवटी मला पाटी लावावी लागली."

पाटी खरंच लागली होती. वाटेच्या तोंडाशी, करंजाच्या खोडावर, पत्र्याची, पिवळ्यावर काळ्या अक्षरात. वस्तीतल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती. ज्यांना येत होती त्यांनी वाचली, आणि मग ओट्याखाली येऊन विचारलं, "म्हाराज, जाऊ का?"

"पण आता," भास्करनं आवाज खाली आणला, "आता मला वाटतं, तुम्ही 'जा' म्हणत होता ते एका परीनं बरंच झालं."

महाराजांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"काल रात्रीपासून मी विचार करतोय. कायदा असा आहे. एखादा माणूस दुसऱ्याच्या जमिनीतून उघडपणे, कोणाला न विचारता, कोणी न अडवता, आपला हक्कच असल्यासारखा वीस वर्षं चालला, की वाट त्याच्या हक्काची होते. मालकसुद्धा मग ती बंद करू शकत नाही. पण तोच माणूस जर विचारून चालला, तर? तर शंभर वर्षं चालला तरी वाट त्याची होत नाही. ती मालकाची मेहेरबानी. आज आहे, उद्या नाही."

महाराजांच्या हातातली काडी पानात अर्धी टोचलेली तशीच राहिली.

"म्हणजे ज्यानं विचारलं..."

"त्याला काही नाही."

"आणि जो न विचारता घुसला..."

"त्याला वाट."

"हा कायदा कोणी केला रे?"

"इंग्रजांनी. जुना आहे."

"हं," महाराज म्हणाले. "त्यांना सवय होती."

भास्करला हसू आलं नाही. तो उद्याच्या तयारीत होता. "उद्या तुम्ही फक्त खरं ते सांगायचं. मॅडम विचारतील, हे लोक विचारून जात होते का. तुम्ही म्हणायचं, हो. तुम्ही परवानगी देत होता का. हो. बस. ह्या दोन 'हो'वर देवाची जमीन वाचते. जास्त बोलू नका. तुम्ही बोललात की काहीतरी निघतंच."

"आणि तार?"

"तार नंतर बघू."

"चादरीनंतर?"

भास्करनं सदऱ्यावरची धूळ झटकली. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायचीही ती वेळ नव्हती.

"म्हाराज, जाऊ का?"

"जा."

*

नायब तहसीलदार पानसंबळ मॅडम दहा वाजता आल्या. चढण चढून त्यांना धाप लागली होती. मागे फाईल काखेत मारून तलाठी. करंजाच्या सावलीत त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, महाराजांसाठी घोंगडी. वस्तीतली तीसेक माणसं वाटेच्या दोन्ही बाजूंना उकिडवी बसली होती. सगळ्यांत पुढे बुधाबाई मेंगाळ. अर्जावर पहिला अंगठा तिचा होता. वय सत्तरीच्या पुढे, अंगानं काटक, आणि सरकारी माणसापुढे कसं बसावं हे न कळल्यामुळे ती मधूनच उठून उभी राहत होती.

"बसा आजी," मॅडम म्हणाल्या. "किती वर्षं चालताय ह्या वाटेनं?"

"धरान झालं तवापासून."

"बावीस वर्षं, मॅडम," भास्कर पुढे झाला. "आम्हाला ते नाकबूल नाही."

मॅडमनी त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं. समोरचा पक्ष असं पहिल्याच वाक्यात कबूल करत नसतो. तलाठीही लिहायचा थांबला.

"मग तुमचं म्हणणं काय?"

"माझे फक्त दोन प्रश्न आहेत. आजींना." भास्करनं घसा खाकरला. चार वर्षांनी तो पुन्हा कोर्टात उभा होता, मग ते करंजाखालचं का असेना, आणि त्याला ते आवडत होतं. "बुधाबाई, ह्या वाटेनं जाताना तुम्ही महाराजांना विचारता का?"

"इच्यारते की."

"रोज?"

"येता-जाता इच्यारते. आमी समदेच इच्यारतो."

"आणि महाराज 'जा' म्हणाले, की मगच जाता?"

"व्हय. न इच्यारता कसं जायाचं? वाटंवर मानूस बसल्यालं असतं, वयानं मोठं. आमच्यात नाय तसं जात."

"झालं," भास्कर मॅडमकडे वळला. "माझं एवढंच म्हणणं आहे. ही वाट हक्कानं वापरलेली नाही, परवानगीनं वापरलेली आहे. अर्जदारानं स्वतः सांगितलं. परवानगीची वहिवाट कधीच हक्क होत नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग बुधाबाईला समजेल अशा शब्दांत, सावकाश सांगितलं, की आजी, तुम्ही न विचारता चालला असता तर वाट तुमच्या हक्काची झाली असती. विचारून चाललात म्हणून ती मठाची मर्जी ठरते.

बुधाबाईला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती उठून उभी राहिली.

"म्हंजी... इच्यारलं म्हून गेली व्हय वाट?"

तलाठ्यानं फाईलमध्ये मान घातली.

"माझ्या सुनंला पान लागलं, साप चावला, गेल्या साली. चादरीची झोळी करून ह्याच वाटंनं न्हेली पोरांनी. पळत. म्हाराजांना बी इच्यारलं पळता-पळता, आन् म्हाराज बोललं, जा जा जा. डागदर म्हनला, आजून येळ लागला आसता तर गेली व्हती." ती भास्करकडे वळली. "तवा बी नसतं इच्यारलं तर बरं झालं आसतं का, वकीलबुवा?"

भास्करला ते लागलं. त्या दिवशी तोही मठात होता. झोळीच्या एका टोकाला सडकेपर्यंत त्यानंच हात लावला होता. पण दाव्यात असं काहीतरी मध्ये येतंच, आणि वकिलानं ते बाजूला ठेवायचं असतं. त्यानं ते बाजूला ठेवलं, आणि ठेवताना त्याला स्वतःचाच थोडा राग आला.

"महाराज," मॅडम म्हणाल्या, "तुमचा जबाब. हे लोक विचारत होते?"

"हो."

"तुम्ही 'जा' म्हणत होता?"

"हो."

भास्करनं श्वास सोडला. दोन्ही 'हो' झाले होते.

मॅडम लिहू लागल्या आणि लिहिता लिहिता वाचूही लागल्या, "सदर जमिनीचे मालक महंत आत्मगिरी यांनी वेळोवेळी..."

"मालक नका लिहू, मॅडम," भास्कर पटकन बोलला. अठरा वर्षांची सवय. चुकीचा शब्द कागदावर गेला की त्याच्या अंगावर काटा येई. "मालक देव आहेत. महाराज वहिवाटदार."

मॅडमनी 'मालक' खोडलं.

महाराजांनी मान वळवली. "भास्कर, मी मालक नाही?"

"नाही महाराज. काल सांगितलं ना."

"मग माझं 'जा' कोणत्या अधिकारानं?"

"तो..." भास्कर म्हणाला. "तो व्यवस्थेचा भाग. वहिवाटदाराला रोजच्या कारभारात तेवढा..."

"तू तर म्हणाला होतास, ढेकूळभरसुद्धा देता येत नाही."

"वाट म्हणजे ढेकूळ नव्हे महाराज! आणि तुम्ही जास्त बोलू नका म्हणून मी..."

"तेवढंच विचारलं," महाराज म्हणाले. त्यांनी डोळे उचलून करंजाच्या खोडाकडे पाहिलं, आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिले.

मॅडमनीही पाहिलं. तलाठ्यानं पाहिलं. शेवटी भास्करनं पाहिलं. वकिलानं दुसऱ्याचा प्रत्येक कागद दहादा वाचावा आणि आपलाच लिहिलेला विसरून जावा, ही खोड त्या धंद्यात नवी नाही.

मॅडम पाटी मोठ्यानं वाचू लागल्या.

"सूचना. सदर मिळकत श्री ओहोळेश्वर देवाच्या मालकीची असून, येथून जाण्यायेण्यास परवानगी देण्याचा अधिकार महंतांसह कोणासही नाही, नव्हता व राहणार नाही. दिलेली परवानगी परवानगी समजू नये."

'नाही, नव्हता व राहणार नाही' हे लिहिताना भास्कर स्वतःवर खूष झाला होता. पळवाट ठेवली नाही, असं त्याला वाटलं होतं. रंगवणाऱ्यानं तीन अक्षरं चुकवली म्हणून ती पाटी त्यानं दोनदा करून घेतली होती.

"ही कोणी लावली?"

"मी," भास्कर म्हणाला.

"मठाच्या वतीनं?"

"हो... पण त्याचा संदर्भ वेगळा होता. महाराज ऐकतच नव्हते. दिवसभर जा, जा, जा. म्हणून मी..."

"म्हणजे मठाचं म्हणणं असं, की महाराजांचं 'जा' ही परवानगी नव्हे."

"नव्हे, म्हणजे... त्या अर्थी नव्हे."

"मग परवानगी दिली कोणी?"

भास्करनं तोंड उघडलं. महाराजांनी दिली म्हणावं, तर पाटी खोटी, आणि महाराजांना हक्क नसताना त्यांनी देवाची जमीन बावीस वर्षं वाटली असा अर्थ. देवानं दिली म्हणावं, तर मग ती अडवणारा तो कोण? त्याच्या जिभेवर एकच खरं उत्तर शिल्लक होतं. त्यानं ते गिळायचा प्रयत्न केला. पण कायद्यातली चूक त्याला कधीच सोसली नव्हती, स्वतःच्या फायद्याचीसुद्धा.

"कोणीच नाही," तो म्हणाला. "ज्याला हक्क होता त्यानं परवानगी दिलेली नाही."

"आणि अडवलंही नाही?"

"...नाही."

"बावीस वर्षं?"

भास्करनं होकारार्थी मान हलवली.

मॅडमनी आधीचा कागद फाडला आणि नवा घेतला. तो त्यांनी भरभर लिहून काढला. मग त्यांनी वाचून दाखवलं, की अर्जदार ही वाट मालकाच्या परवानगीविना, उघडपणे, अडथळ्याविना बावीस वर्षं वापरत आहेत. मठानं वाटेत कोणताही अडथळा करू नये. तोंडाशी असलेले दोन खांब आठ दिवसांत काढावेत. कोणाला मान्य नसेल तर वर अपील करावं.

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, हे भास्करनं अशिलांना आयुष्यभर समजावलं होतं. आज धोंडाही त्याचाच होता आणि तो पिवळ्या रंगानं रंगवलेला होता.

वस्तीला सगळं एकदम कळलं नाही. तलाठ्यानं दोनदा सांगितलं, तेव्हा माणसं उठली. बुधाबाई मॅडमजवळ आली.

"म्हंजी आता इच्यारायचं नाय का?"

"गरज नाही आजी. तुमचा हक्क आहे."

"गरजंचं नाय ओ बाई," बुधाबाई वैतागून म्हणाली. "तो बसल्याला आसतो ना तिथं."

*

दुपार कलली तसा भास्कर कागद घेऊन ओट्यावर आला. त्याचं जेवण झालं नव्हतं. महाराजांचं झालं होतं, आणि त्यांची पत्रावळ गाय चघळत होती.

"तुम्हाला माहीत होतं," भास्कर म्हणाला.

"काय?"

"मी पाटीवर काय लिहिलंय ते. तीन महिने तुम्ही बोलला नाहीत."

"मी तुला वाचायला लावली होती. मोठ्यानं. तू दोनदा वाचलीस."

"तेव्हा नाही का म्हणायचं, की भास्कर, हे लिहू नकोस!"

"मला वाटलं, तू विचार करून लिहिलंस."

भास्करला संताप आवरेना. चार वर्षं त्यानं ह्या माणसाचे पाय चेपले होते, पहाटे उठून पाणी भरलं होतं, आणि हा माणूस एका सुनावणीत त्याच्या विरुद्ध पक्षाला जाऊन मिळाला होता. तेही एक शब्द खोटा न बोलता. त्याबद्दल तक्रार तरी कुठं करायची?

"जमीन तुमची नव्हती महाराज. माझी नव्हती. देवाची होती. ती राखायला तुम्हाला बसवलं होतं. उद्या मला बसवणार होता. आज वाट गेली, उद्या कोणी विहीर खणेल, परवा कोणी घर बांधेल. मी हे अठरा वर्षं पाहिलंय. अशीच जाते जमीन. एकदम कधीच जात नाही."

हे तो मनापासून बोलला. महाराजांना ते कळलं असावं, कारण त्यांनी चेष्टा केली नाही.

"मग आता?"

"अपील." भास्करनं कागद पुढे ठेवला. "मुद्दा तयार आहे. सकाळी सुचायला हवा होता. कायद्याच्या दृष्टीनं देव कायमचा अज्ञान असतो. म्हणजे लहान मूल. त्याला स्वतःचं भलं कळत नाही, स्वतः कोर्टात येता येत नाही. मुलाच्या घरातून माणसं येत-जात राहिली आणि मूल गप्प राहिलं, म्हणून मुलाचा हक्क बुडतो का? माझं म्हणणं, नाही बुडत. वरच्या कोर्टात मी हे पटवून देईन."

"तो लहान मूल?"

"कायद्यानं."

"मोठा कधी होणार?"

"कधीच नाही. म्हणून तर त्याला पालक लागतो. त्याच्या वतीनं बोलणारा."

"तो कोण?"

"आत्ता तुम्ही. चादर झाली, की... मी." भास्करनं पेनाचं टोपण काढलं. "इथं सही करा. पालक म्हणून. तुमच्या सहीशिवाय अपील दाखल होत नाही. हात जोडतो महाराज, एवढी एक सही. पुन्हा काही मागणार नाही."

महाराजांनी पेन घेतलं. कागद मांडीवर सरळ केला. सहीची जागा कुठली ते विचारलं, भास्करनं बोट ठेवलं. पेनाचं टोक कागदाला टेकलं... आणि थांबलं.

"पालकानं मुलाला काही विचारायचं असतं का रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मूल आहे. लहान आहे. त्याच्या नावानं भांडण करायचं. तर एकदा त्याला विचारावं, की बाबा, ही बाई तुझ्या रानातून जाते, तुला चालतं का?"

"महाराज, हे काय..."

"कायद्यात नाही बसत?"

भास्करनं डोळे मिटले. कोर्ट असतं तर त्यानं हरकत घेतली असती.

"बसतं," तो म्हणाला. "मुलाचं मन जाणून घेता आलं तर घ्यावं, असं आहे."

"मग जा. विचारून ये. नाही म्हणाला तर ही सही." महाराजांनी पेन उघडंच हातात ठेवलं.

भास्कर पाय आपटत गाभाऱ्यात गेला. इथं काय होणार हे त्याला माहीत होतं. काही होणार नव्हतं. दोन मिनिटं उभं राहायचं, बाहेर यायचं आणि सही घ्यायची.

आत गारवा होता. पिंडीवर सकाळचं पाणी ठिबकत होतं. बेलाच्या पानांच्या बाजूला कुड्याची पांढरी फुलं पडली होती, ताजी. मठात कुड्याचं झाड नव्हतं. ही फुलं रोज येत, वाटेवरून जाणाऱ्या कुणाच्या तरी ओंजळीतून, आणि चार वर्षं रोज संध्याकाळी भास्करच ती गोळा करून निर्माल्यात टाकत होता. कोण आणतं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

त्यानं हात जोडले. वाक्य मनात जुळवलं. सदर अर्जदार... नको. पुन्हा जुळवलं. देवा, ही माणसं तुझ्या रानातून... त्याला शब्द सापडेनात. अठरा वर्षांत कुठल्याही पक्षकाराला प्रश्न विचारताना असं झालं नव्हतं.

शेवटी त्यानं विचारलं. मोठ्यानंच. गाभाऱ्यात आवाज घुमला आणि विरला.

तो थांबला. दोन मिनिटांच्या पुष्कळ पुढे थांबला. पाणी ठिबकत राहिलं.

बाहेर आला तेव्हा ऊन ओट्यावरून खाली सरकलं होतं. महाराज तसेच बसले होते, कागद मांडीवर, पेन हातात.

"काय म्हणाला?"

भास्कर ओट्याच्या कडेला बसला.

"काही नाही," तो अखेर म्हणाला. "...काहीच म्हणाला नाही."

महाराजांनी पेनाला टोपण लावलं आणि ते त्याच्या हातात परत दिलं.

"मलाही बावीस वर्षं तो तेवढंच सांगत आलाय."